पोटाला मानवेल ते

पळताना प्यायचं पुडीचं पेय घुसळायच्या शेकरमधली तारेची गोळी खडखडली आणि ती जागच्या जागी थिजली. शेकर तिने पटकन छातीशी धरला, जॅकेटच्या आत घेतला आणि दिवा न लावलेल्या स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी राहिली. बाहेर अजून नीट फटफटलंही नव्हतं. आतल्या खोलीत भोपळ्याने एक हुंकार दिला, दोनदा पाय झाडले, आणि मग तिच्या नशिबाने गप्प झाला.

"झालं का घुसळून?" सासूबाईंचा आवाज आला. त्यांना गाढ झोपलेलं त्या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"झालं, आई. झोपा तुम्ही."

"मी कसली झोपतेय. रात्रभर तो कुठे झोपलाय? जा तू. ये लवकर."

'जा तू' आणि 'ये लवकर' यांच्या मधे त्या क्षणभर थांबल्या होत्या. तेवढ्या थांबण्यात बरंच काही होतं, आणि ते सगळं पाठीवर घेऊनच ती जिना उतरली.

भोपळ्या म्हणजे तिचा धाकटा. जन्मला तेव्हा असा गरगरीत होता की त्याच्या थोरल्या बहिणीने, खारूने, दवाखान्यातच हे नाव ठेवलं होतं. खारू आता पाच वर्षांची होती, आणि भोपळ्याला आठवा महिना लागला होता. नाव तेच राहिलं होतं, भोपळा मात्र उतरला होता. गेल्या वेळी वजनकाट्यावर ठेवला तर काटा आधीच्याच जागी येऊन थांबला. डॉक्टरीणबाईंनी कान, घसा, पोट सगळं तपासलं. आजार काही नाही म्हणाल्या, दूध नीट जाऊ द्या, पुन्हा आणा. दूध तर जात होतं. ती कामावर परत रुजू झाली तेव्हापासून भोपळ्या डब्यातल्या पावडरच्या दुधावर होता, आणि बाटली शेवटच्या थेंबापर्यंत ओढून वर रडत होता.

"पितो सगळं, मग जातं कुठे?" सासूबाई विचारायच्या. उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणजे त्यांच्यापुरतं. आधी पळून पळून हिचं अंगावरचं दूध आटलं, आणि आता आईचा जीव रस्त्यावर म्हणून लेकराच्या अंगी काही लागत नाही. हे त्या सरळ कधी बोलल्या नाहीत. शेजारणीशी बोलताना हिच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात बोलल्या.

ती वाद घालत नसे. घालून सांगणार काय? लग्नाआधी ती पळायची. खारूच्या वेळी सुटलं, मग पुन्हा धरलं, भोपळ्याच्या वेळी पुन्हा सुटलं. आता या खेपेला धरलेलं सुटलं तर परत हाताला लागणार नाही, हे तिला जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं कोणाला समजावून सांगता येत नव्हतं. नवरा बिचारा "पळ की, कोण अडवतंय" म्हणायचा. अडवत कोणीच नव्हतं, हीच तर खरी अडचण होती. अडवलं असतं तर भांडता आलं असतं.

आणि वर हे पोट.

तळ्याकाठी गट जमला होता. गटाचे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. कमरेत थोडे वाकलेले, पण शिट्टी अजून गळ्यात. लांबच्या शर्यतीसाठी गटाच्या वाट्याला मोजक्या जागा आल्या होत्या, आणि त्यातली एक त्यांनी हिच्यासाठी धरून ठेवली होती.

"आज कशी आहे स्वारी?" त्यांनी विचारलं.

"पाय ठीक आहेत, मास्तर."

"पायांचं मी विचारलंच नाही."

सगळे हसले. तीही हसली, कारण न हसून करणार काय.

अर्ध्या तासापर्यंत सगळं झकास चाललं. पाय आपोआप पडत होते, श्वास लयीत आला होता, आणि तळ्यावरून येणारा गार वारा मानेवर बसत होता. घरातून निघाल्यापासून डोक्यात घुमणारं सगळं हळूहळू बाजूला सरकलं. तिने बाटलीतलं ते पेय घोट घोट घ्यायला सुरुवात केली, मास्तरांनी सांगितलं होतं तसंच, तहान लागायच्या आधी. थोड्या वेळात तोंडाला शेवाळासारखी खारट चव आली. मग पोटात कोणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं पिळायला लागलं. ती आणखी दोन वळणं दात आवळून पळाली आणि तिसऱ्या वळणावर बाकाच्या पाठीला धरून वाकून उभी राहिली.

"परत?" मागून येणारी वकिलीणबाई थांबली. ती त्या गटातली सगळ्यात हुशार, सगळ्यात सडपातळ आणि सगळ्यात जास्त सल्ला देणारी. "तू पळताना चोखायचं ते पुडीतलं जेल का घेत नाहीस? मी सांगितलं होतं ना, कॉफीचं घे."

"घेतलं. त्याने हात थरथरले."

"मग लिंबाचं घे."

"त्याने उलटी झाली."

"पाण्याबरोबर घेतलंस?"

"याच पाण्याबरोबर घेतलं." तिने हातातली बाटली वर केली.

"मग तुझं पोटच नाजूक असेल बाई," असा निकाल देऊन वकिलीणबाई पुढे पळाली.

खरं सांगायचं तर त्या गटात पाय सगळ्यांचे सारखे होते, भांडणं सगळी पोटावरून होती. जेलवाले केळीवाल्यांना मागासलेले समजायचे. केळीवाले जेलवाल्यांना म्हणायचे की तुम्ही गोंद खाता. एकजण खजूर खिशात घेऊन पळायचा आणि त्याच्या बिया वाटभर थुंकायचा. एकीचं म्हणणं, सकाळी उपाशीपोटीच पळावं. पण ती पळून झाल्यावर जे खायची ते पाहिलेल्या माणसाला ते पटत नसे. प्रत्येकाने हिला आपल्या बाजूला ओढलं होतं, आणि हिने प्रत्येकाचं ऐकलं होतं. केळं खाऊन पाहिलं, उकडलेला बटाटा मीठ लावून, मध लावलेला ब्रेड, काळं जेल, पिवळं जेल. अन्न बदललं तरी पोटाचं रडगाणं एकच.

मास्तर तिच्याजवळ येऊन बाकावर बसले. त्यांनी आधी शिट्टी पुसली, मग चष्मा पुसला. म्हणजे बोलणं सोपं नव्हतं.

"पोरी, पुढच्या रविवारी पूर्ण अंतर पळायचंय. ते झालं तर जागा तुझी. नाहीतर मला ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. रागावू नकोस."

"रागावत नाही."

"रागाव थोडी. तुझं पोट तरी घाबरेल."

घरी आली तेव्हा भोपळ्या सासूबाईंच्या खांद्यावर रडून रडून लाल झाला होता. "आताच बाटली दिली," सासूबाई म्हणाल्या, "वर आणखी अर्धी दिली. हा डबा मात्र बरकतीचा निघाला हो. इतकं पाजतेय तरी सरत नाही."

तिने भोपळ्याला घेतलं. घाम सुकलेल्या तिच्या मानेत त्याने तोंड खुपसलं आणि चोखायला लागला, मीठच लागलं असणार त्याला. त्याची उतरलेली मांडी हाताला लागली तशी तिने दुपटं ओढून ती झाकली.

"तुझं पळून झालं?" नवऱ्याने चहाचा कप पुढे केला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या खालच्या-वरच्या अडचणी सोडवून घरी आल्यावर त्याला वाटायचं की प्रत्येक गोष्टीला एक बटण असतं. "मी काल वाचलं, आतड्यांनाही सराव द्यावा लागतो म्हणे. रोज थोडं थोडं त्यांना ते पेय पाजायचं."

"कोणाला?"

"आतड्यांना."

"तू पाज माझ्या आतड्यांना. मी झोपते तोवर."

पण थकलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. आठवडाभर तिने आतड्यांना सराव दिला. रोज सकाळी ते पेय, मग कामावर. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती भिंगं घासून चौकटीत बसवायची. काम असं की भिंग केसभर फिरलं तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी चक्कर येते म्हणून परत यायचं. तिची भिंगं परत येत नसत. घासणीच्या चाकावर पाण्याची धार पडत असायची, कडेचा पांढरा गाळ बोटांना लागत असायचा, आणि ती डोळ्याशी माप धरून एकेक खूण तपासायची. त्या आठवड्यात मात्र मधेच यंत्र बंद करून ती दिवसातून चारदा मागच्या दाराने धावत जायची आणि ओशाळून परत यायची.

"तुमची लांबची शर्यत दुकानातच चाललीय की," मालक म्हणाले.

ती हसली आणि चष्म्याच्या काड्या पुसत बसली. आतून मात्र तिला कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. कुणाला, ते ठरत नव्हतं. वकिलीणबाईला, मास्तरांना, पेयाच्या डब्यावरच्या त्या हसऱ्या धावपटू बाईला? त्या बाईच्या केसांचीही घडी मोडलेली नव्हती. पळतेय म्हणे.

शनिवारी सकाळी तिने पेयाच्या डब्यात हात घातला तर तळ लागला होता. उद्या रविवार. डोक्यात तिडीक उठली. रिकामा डबा बरोबर घेऊन ती कामावर गेली, आणि काम आटोपून तडक, तो जिथून आणला होता त्या दुकानात.

दुकानदाराला सगळे दंडवाले म्हणत. त्याचे दंड शर्टाच्या बाह्यांत मावत नसत, त्यामुळे तो नेहमी मिठी मारायला निघाल्यासारखा उभा असायचा. भिंतीवर वरपासून खालपर्यंत डबे. वजन वाढवायचे, वजन उतरवायचे, झोप आणायचे, झोप उडवायचे. तिने रिकामा डबा काउंटरवर आपटला.

"हा डबा शर्यतीपर्यंत पुरेल म्हणाला होतात."

दंडवाल्याने डबा उलटा करून पाहिला. "पुरतोच, ताई. घरात कोण कोण पितं?"

"मी एकटी."

"एकटी? मग अंघोळ करता का याने?"

"चेष्टा करू नका. डबे अर्धे भरून विकता आणि वर विचारता. शिवाय मला याचा त्रास होतो, पोट पिळवटून निघतं. काय भेसळ असते यात?"

भेसळ म्हटल्यावर दंडवाल्याचे दोन्ही दंड एकदम फुगले. दुकानात आणखी एक तरुण आरशात स्वतःला बघत उभा होता, तोही वळला. "ताई, माझ्याकडे असलं चालत नाही. थांबा. तुमच्यासमोर सील फोडतो." त्याने नवा डबा काढला, झाकण उघडलं, आतला चंदेरी कागद टरकावला. पूड काठोकाठ होती. "हे बघा. आणि रोज एक चमचा, एका बाटलीला. या चमच्याने." त्याने दोन बोटं पुडीत खुपसली, आत चाचपडून पांढरा चमचा बाहेर काढला, झटकला आणि काउंटरवर ठेवला.

ती चमच्याकडे पाहत राहिली. शिवताना बोटाला घालायच्या अंगुस्तान्याएवढा होता.

"हा नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे मोठा आहे."

"कंपनी हाच देते. एकच."

"माझा याच्या दुप्पट आहे. पांढराच, पण..."

"मग ताई, तुम्ही दुप्पट पीत होतात." त्याचा राग एकदम निवळला. एवढी सोपी गोष्ट निघाली याचा त्यालाच आनंद झाला. "एवढं मीठ-साखर एकदम गेल्यावर पोट पिळणारच की. कुणाचंही पिळेल. माझंही."

पहिल्यांदा तिला हसूच आलं. खरोखरचं, आतून. एवढंच होतं. जेलचा दोष नव्हता, केळ्याचा नव्हता, तिच्या पोटाचा तर मुळीच नव्हता. उद्या ती बरोबर माप घेऊन तळ्याला पूर्ण फेरे मारेल, आणि वकिलीणबाईच्या पुढून जाताना काहीही सल्ला न देता जाईल. तिने नवा डबा उचलला. तो छोटा चमचा बोटांत फिरवत ती दाराकडे निघाली आणि उंबऱ्यावर थांबली.

मग घरातला तो मोठा चमचा कशाचा?

ती सकाळ तिला अख्खी दिसली. आता रिकामा झालेला तो डबा नवा आणला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीची. रात्री नवऱ्याने बाटल्या, बुचं, चमचे सगळं गरम पाण्यातून काढून फडक्यावर पालथं घालून ठेवलं होतं. दोन्ही चमचे पांढरे, शेजारी शेजारी. आणि ती उठली होती अंधारात, कोणी जागं होऊ नये म्हणून दिवा न लावता, चोरासारखी. एक चमचा आपल्या डब्यात टाकला. दुसरा भोपळ्याच्या डब्यात.

"ताई, बरं वाटत नाहीये का?" दंडवाला विचारत होता.

ती पळत सुटली. कामाच्या चपला, खांद्याला पर्स, हातात डबा. रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती. सिग्नलवर एका रिकाम्या हातगाडीला धडकता धडकता वाचली. चप्पल तुटली तेव्हा तिने दोन्ही काढून हातात घेतल्या. पोटात काही दुखत नव्हतं. काहीच जाणवत नव्हतं.

स्वयंपाकघरात सासूबाई बाटलीत पाणी ओतत होत्या. भोपळ्या त्यांच्या कडेवर हिरमुसून बसला होता. अलीकडे तो रडण्याआधी असा बसायचा. त्यांनी दुधाच्या डब्यातून चमचा भरला. अंगुस्तान्याएवढा.

"आई, थांबा."

"का गं? आणि अनवाणी का आलीस?"

तिने त्यांच्या हातातून चमचा घेतला. नव्या डब्यातला चमचा शेजारी ठेवला. दोन्ही हुबेहूब. मग सकाळी डबा रिकामा झाल्यावर फडताळात ठेवलेला आपला मोठा चमचा काढला, धुतला, आणि तोही ओट्यावर ठेवला. त्याच्या दांड्यावर दुधाच्या कंपनीचं बारीकसं चिन्ह होतं. इतके दिवस ते तिच्या अंगठ्याखालीच होतं.

सासूबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी ओट्याचा आधार घेतला. नवराही तेवढ्यात खारूला खेळायच्या वर्गावरून घेऊन आला. त्याने आधी एक डबा उचलून वाचला, मग दुसरा, आणि मग वाचायचं थांबवलं.

"म्हणजे हा..." तो म्हणाला.

"अर्ध्या दुधावर होता," ती म्हणाली. "वर पाणी."

"मीच धुतले होते दोन्ही. मी एकत्र ठेवायलाच नको होते."

"धुण्यात काय चूक? डब्यांत मी टाकले. अंधारात."

बोलता बोलता तिने बाटली तयार केली. खरा चमचा, खरं माप, वरून चमच्याची कड सारखी करून. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि भोपळ्याला मांडीवर घेतलं. त्याने पहिला घोट घेतला आणि थांबला. डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. मग जो ओढायला लागला तो नाकाने फुसफुसत, एका हाताने तिचं बोट धरून. आणि मधेच, बाटली संपायच्या आत, त्याने तोंड बाजूला केलं. बोंडलं त्याच्या ओठातून सुटलं. बाटलीत थोडं दूध राहिलं होतं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा राहिलं होतं.

तो तसाच झोपला. हनुवटीवर दुधाचा ओघळ.

नवऱ्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन गोष्टी विचारल्या, आणि म्हणाल्या की आजपासून पूर्ण माप द्या, भरून काढेल तो, सोमवारी घेऊन या. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. आता त्या बोलतील, आणि बोलू देत, असं तिने मनाशी धरलं होतं. त्यांच्याजवळ आता सबळ पुरावा होता. पळण्यामुळे दूध आटलं नव्हतं हे खरं, पण पळण्याच्या घाईत चमचा बदलला होता हेही खरं. कुठूनही धरा, दोर तिच्याच हातात येत होता.

सासूबाई तिच्याजवळ खाली बसल्या. गुडघे वाजले त्यांचे.

"रोज मी पाजत होते," त्या म्हणाल्या. "दोन मुलं वाढवली मी. दुधाचा रंग बघून माणसाला कळतं. पातळ दिसायचं गं. मला वाटलं, हल्लीच्या डब्यांचं असंच असेल." त्या भोपळ्याच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. "म्हणत होते बरकतीचा डबा."

"आई, तुमचं काही..."

"राहू दे." भोपळ्याची हनुवटी पदराने पुसून त्या म्हणाल्या, "उद्या आहे ना तुझं ते? तळ्यावर?"

"नाही जात."

"जा. आता पोट दुखायचं नाही तुझं. मी बघते याच्याकडे. पूर्ण चमच्याने."

ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तिला ते सोसवेना. इतके महिने हे 'जा' ऐकायला ती आसुसली होती, मधे न थांबता म्हटलेलं. आज ते मिळालं आणि हातात निखारा ठेवल्यासारखं वाटलं. नवरा ओट्यापाशी उभा राहून मोठ्या चमच्याच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळत होता, गाठीवर गाठ मारत.

उद्या गेली तर पळेल ती, पूर्ण अंतर. हे तिला माहीत होतं. पाय तयार होते. नाही गेली तर मास्तर जागा दुसरीला देतील, शिट्टी पुसत, न रागावता. आणि भोपळ्याचे गेलेले दिवस ती घरी बसली म्हणून परत येणार नव्हते. ती गेली म्हणूनही येणार नव्हते.

खारू इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून सगळं पाहत होती. खेळायच्या वर्गातली धूळ अजून गुडघ्यांवर तशीच. ती हळूच येऊन आईच्या दुसऱ्या मांडीला चिकटली, झोपलेल्या भावाच्या तोंडाशी कान नेऊन आली, आणि कुजबुजत म्हणाली, "आई, भोपळ्या रोज रडायचा ना, तो हेच सांगत होता?"

"हो गं."

"आणि तुझं पोट दुखायचं ते?"

"तेही हेच सांगत होतं."

खारूने विचार केला. त्या विचारात तिने आईच्या खांद्यावरच्या पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"मग तुला फक्त तुझ्याच पोटाचं कसं ऐकू आलं?"